सापावरचा तो व्हायरल मेसेज: एकेक मुद्दा तपासून

पहिला पाऊस झाला की सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. त्यात म्हटलेलं असतं ते थोडक्यात असं: घराभोवती कार्बोलिक अ‍ॅसिड शिंपडा, साप फिरकणार नाही. तिकोनी डोक्याचा साप विषारी, गोल डोक्याचा बिनविषारी. दाताच्या दोनच खुणा असतील तर विष, जास्त असतील तर घाबरू नका. दंशाच्या वर दोरी करकचून बांधा, ब्लेडनं चिरून रक्त काढा. ‘नाजा 200’ हे होमिओपॅथीचं औषध दहा-दहा मिनिटांनी जिभेवर थेंब-थेंब द्या. आणि साप मारून दवाखान्यात न्या.

यातला एकही उपाय कामाचा नाही. तरी ‘आमच्याकडे गुण आला’ म्हणणारे भेटतात, कारण वस्तीत निघणारे बहुतेक साप धामण, कवड्या, दिवड, तस्कर, नानेटी असे बिनविषारी असतात. विषारी सापही प्रत्येक दंशात विष सोडतोच असं नाही. असा दंश झालेल्याला हळद लावा नाहीतर अंगारा, तो बरा होणारच होता. गाठ पडते ती नाग, मण्यार, घोणस आणि फुरशाशी, आणि तिथे हे उपाय नुसता वेळ खातात.

कार्बोलिक अ‍ॅसिड म्हणजे फिनॉल. कातडीला लागलं की ते भाजतं, पण जागा बधिरही करतं, त्यामुळे लागल्याचं लगेच कळत नाही. कातडीतून शोषलं जाऊन ते अंगातही भिनतं. ज्या अंगणात पोरं अनवाणी खेळतात आणि कुत्रं लोळतं, तिथे हे शिंपडायचं? बरं, एका सरीत ते वाहून जातं. आणि साप आधीच आवारात येऊन बसला असेल तर कडं कुणासाठी आखायचं? लसूण, हिंग, डांबरगोळ्या, गंधक, रॉकेल या सगळ्यांची हीच गत.

साप घराकडे येतो ते उंदीर, बेडूक, पाली आणि कोरडा आडोसा यांच्यामागे. बंदोबस्त तिथेच करायचा. मुख्य दाराखाली बोट शिरेल एवढी फट असेल तर दाराला खालून रबरी पट्टी लावा. मोरी-बाथरूमच्या जाळीची भोकं मोठी असतील तर 6 मिलिमीटरची जाळी बसवा. वॉशिंग मशीनचा पाइप ज्या भोकातून बाहेर जातो, एसीच्या पाइपाभोवतीची जागा, मीटरची पेटी, चेंबरचं फुटकं झाकण, या जागा कुणी बघतच नाही. फरशीच्या उरलेल्या लाद्या, विटा, पत्रे भिंतीला टेकवून वर्षानुवर्षं ठेवू नका. ठेवायचेच असतील तर फूटभर उंच स्टँडवर ठेवा, म्हणजे खालची जमीन दिसते. कबुतरांना आणि कुत्र्यांना घातलेलं खाणं रात्री अंगणात राहिलं की उंदीर येतात, उंदरांमागून साप. पावसाळ्यात बूट बाहेर ठेवत असाल तर पाय घालण्याआधी उलटे करून आपटा.

डोक्याच्या आकाराचा मुद्दा मात्र जीवघेणा आहे. घोणस आणि फुरसे तिकोनी डोक्याचे, हे खरं. पण नागानं फणा काढला नसेल तर त्याचं डोकं चारचौघा सापांसारखंच दिसतं आणि मण्यारीचं डोकं तर मानेपासून धड वेगळंही ओळखू येत नाही. उलट बिचारा दिवड घाबरला की डोकं चपटं करून तिकोनी दाखवतो. म्हणजे मेसेजच्या नियमानं दिवड विषारी आणि मण्यार बिनविषारी!

सगळ्यात जास्त गफलत होते ती मण्यार आणि कवड्यात. मण्यार निळसर काळी, तुकतुकीत. तिच्यावर बारीक पांढरे पट्टे, बहुधा जोडीजोडीनं. मानेकडे ते पुसट किंवा नसतातच, शेपटीकडे ठळक होत जातात. कवड्या तपकिरी, त्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे विरतात. शिवाय कवड्या भिंतीवर सराईतपणे चढतो. हे माहीत असावं, पण बॅटरीच्या उजेडात पट्टे मोजायला वाकू नका. ओळख पटेपर्यंत प्रत्येक साप विषारीच धरायचा.

मण्यारीवर थोडं थांबायला हवं. ती रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला झोपेतच चावते. दंश दुखत नाही, सूज जवळजवळ येत नाही, खूण कधी कधी शोधूनही सापडत नाही. ‘दोन खुणा’ शोधणारा इथेच फसतो. पहाटे पोटात कळ येते, उलटी होते, घरचे अ‍ॅसिडिटीची गोळी देतात. मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, बोलणं अडखळतं, आणि पुढची पायरी म्हणजे श्वासाचे स्नायू बंद पडणं. पावसाळ्यात खाली झोपलेल्या माणसाला पहाटे पोटदुखी आणि डोळ्यांवर झापड अशी दोन्ही लक्षणं दिसली, तर साप दिसलेला नसला तरी थेट हॉस्पिटल गाठा. झोपायला खाट आणि गादीखाली चारी बाजूंनी खोचलेली मच्छरदाणी, हा यावरचा स्वस्त आणि खात्रीचा उपाय. आपल्या सोसायटीचा वॉचमन आणि शेजारच्या बांधकामावरचे मजूर कुठे झोपतात, हेही एकदा बघा.

साप घरात दिसला तर काय करायचं, यावर मेसेजमध्ये एक ओळ नाही. आठ-दहा फूट लांब राहा, मुलांना आणि कुत्र्या-मांजरांना दुसऱ्या खोलीत न्या. आतली दारं लावून फटीत टॉवेल कोंबा, बाहेरचं दार उघडं ठेवा. एकानं सापावरून नजर हटवायची नाही, कारण कपाटामागे गेलेला साप शोधणं महाकठीण. मग वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर किंवा त्यांच्याकडे नोंद असलेल्या सर्पमित्राला फोन करा. काठी, झाडू, उकळतं पाणी काही नको. मारायला पुढे गेलेल्यालाच साप चावण्याची शक्यता सर्वाधिक, आणि 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो गुन्हाही आहे.

आता दोरी. घट्ट आवळलेल्या दोरीनं रक्तपुरवठा तुटतो आणि हातपाय काळा पडून कापावा लागू शकतो. घोणस-फुरशाच्या विषानं तिथलं मांस आधीच सडत असतं, त्यात विष एका जागी कोंडल्यानं भर पडते. कुणी दोरी बांधलीच असेल तर घरी झटकन सोडू नका; साठलेलं विष एकदम अंगात जाऊ शकतं. ती डॉक्टरांसमोरच सुटू द्या. ब्लेडचं तर बोलायलाच नको: याच सापांच्या विषानं रक्त गोठायचं थांबतं, त्यात आपण हातानं जखम करायची.

‘नाजा 200’ म्हणजे मूळ पदार्थ एकास शंभर या प्रमाणात 200 वेळा पातळ केलेला. हिशेबात एकावर 400 शून्यं. यातल्या साधारण बाराव्या पायरीनंतर मूळचा एक रेणूही उरण्याची आशा नसते. त्यावर ज्याचं गिळणं बंद पडत चाललंय त्याच्या तोंडात थेंब टाकायचे, म्हणजे ठसका लागून गुदमरण्याची सोय.

सापाच्या विषावर औषध एकच, प्रतिसर्पविष, दवाखान्यातल्या भाषेत एएसव्ही. ते शिरेतून देतात, सुरुवातीला साधारण 10 कुप्या, आणि लहान मुलालाही तेवढ्याच. साप मुलाला कमी विष सोडत नाही. एएसव्हीची जोरदार अ‍ॅलर्जी येऊ शकते, म्हणून अ‍ॅड्रिनॅलिन हाताशी असलेल्या ठिकाणीच ते द्यायचं. मण्यारीच्या दंशात व्हेंटिलेटरही लागू शकतो. आपल्या भागात एएसव्ही आणि व्हेंटिलेटर दोन्ही कुठे आहेत, हे आजच फोन करून विचारून ठेवा.

तोवर घरी करायचं एवढंच: अंगठी, बांगड्या, घड्याळ, पैंजण काढा, कारण सूज आली की ते रुततात. हाड मोडल्यावर बांधतो तशी फळी किंवा पुठ्ठा लावून तो अवयव सैलसर बांधा. चालू देऊ नका, 108 बोलवा किंवा मिळेल त्या गाडीत उचलून ठेवा. उलटी होत असेल तर डाव्या कुशीवर झोपवा.

मेलेला साप न्यायची गरज नाही. तुटलेलं मुंडकंही काही वेळ चावू शकतं आणि आपल्याकडचं एएसव्ही नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालतं. डॉक्टर लक्षणांवरून ठरवतात. साधी, कोरडी काचेची नळी घेऊन त्यात दोन मिलिलिटर रक्त 20 मिनिटं न हलवता ठेवतात आणि मग एकदाच तिरकी करतात. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर विष रक्तात काम करतंय. पहिली चाचणी चांगली आली तरी ती पुन्हा करतात आणि रुग्णाला 24 तास ठेवून घेतात, तेव्हा डिस्चार्जचा हट्ट धरू नका. लांबून झूम करून फोटो मिळाला तर दाखवा. चावल्याची वेळ, त्यानंतर कोणतं लक्षण कधी दिसलं, आणि रक्त पातळ करणारी गोळी आधीपासून चालू आहे का, हे मात्र आठवणीनं सांगा.