रॅम तपासल्याशिवाय फॉरमॅट मारू नका

जुन्या ऑफिस पीसीवर आज ‘मेमरी मॅनेजमेंट’, उद्या ‘पेज फॉल्ट’, परवा तिसरीच ब्लू स्क्रीन. दुकानात उत्तर ठरलेलं: “विंडोज खराब झालंय, फॉरमॅट मारू.” हा चक्क आळस आहे. रॅमच सदोष असेल तर नव्या विंडोजच्या फाइलीही त्याच रॅममधून डिस्कवर जातात आणि बिघडलेल्याच लिहिल्या जाऊ शकतात. टॅलीच्या डेटालाही तोच धोका.

डेल ऑप्टिप्लेक्स ७०१० घ्या. २०१२ सालचं, डीडीआर३ पिढीची रॅम लागणारं (२०२३ मध्ये डेलने हेच नाव परत वापरलंय, पार्ट घेताना बघा). चालू करताना एफ१२ दाबून डायग्नोस्टिक्स निवडा. पहिली फेरी झाली की उरलेल्या मेमरी टेस्ट करायच्या का, असं विचारतं. अर्धा तास जाईल म्हणून सगळे ‘नाही’ दाबतात. ‘हो’ दाबा. २०००-०१२३ कोड आला तर मेमरीच. पास झालं तरी पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालवा, किमान चार फेऱ्या. एकही एरर चालत नाही.

एरर दिसली म्हणून लगेच नवी रॅम मागवू नका. आधी वायर काढा आणि पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा, कारण पीसी बंद असला तरी बोर्डावर स्टँडबाय वीज असते. मग रॅमची एकच स्टिक (पट्टी) ठेवून टेस्ट, नंतर तीच स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये. एरर स्टिकमागे गेली तर स्टिक बाद. स्लॉटपाशीच राहिली तर स्लॉटमधली घाण बघा, आणि प्रोसेसरखालची वाकलेली पिनही. रॅम सांभाळणारा मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आतच असतो, हे बरेच जण विसरतात. एकेकटी पास आणि जोडीने नापास? दोन्ही स्टिक एकमेकींशी जुळत नसतील. सगळीकडे सगळ्याच नापास असतील तर दुसऱ्या पॉवर सप्लायवर लावून बघा, फुगलेले कपॅसिटरही शोधा.

स्टिकच्या सोनेरी कडेवर खोडरबर मारायला हरकत नाही, पण हलक्या हाताने आणि स्लॉटपासून लांब; कण आत गेले की नवं दुखणं. त्यापेक्षा आयसोप्रोपिल अल्कोहोल बरं. पीसी चालू झाला म्हणजे काम झालं असं नाही, मेमटेस्ट परत लावाच.

आणि रॅम घेताना स्वस्तात मिळणारी ‘फक्त एएमडीसाठी’ असलेली ८ जीबी स्टिक घेऊ नका, ती या इंटेल बोर्डावर चालत नाही. सर्व्हरमधून काढलेली ‘रजिस्टर्ड ईसीसी’ प्रकारची रॅमही नको. खाच जुळते, स्टिक बसते, पण पीसी बूट होत नाही.