फर्नला डावणी झाली

गेल्या एप्रिलमध्ये गंगापूर रोडच्या एका नर्सरीतून बर्ड्स नेस्ट फर्न आणलं. पानांचा आकार पक्ष्याच्या घरट्यासारखा, लॅटिन नाव अ‍ॅस्प्लेनियम निडस, त्यातलं निडस म्हणजे पण घरटंच. जंगलात हे दुसऱ्या झाडाच्या फांदीवर बसतं, त्याचा रस वगैरे काही पीत नाही, फक्त वरून पडणारा पालापाचोळा आपल्या घरट्यात झेलतं आणि त्यावरच जगतं. सावलीत बसून आयतं खायचं, म्हटलं आपलं जमणार.

नर्सरीवाला म्हणाला, "साहेब, ऊन नको, आणि पाणी मधोमध नका ओतू, गाभा सडतो, कडेकडेनं घाला." मी पाण्याचं लक्षात ठेवलं, उन्हाचं विसरलो. आमची बाल्कनी पश्चिमेची, त्यात नाशिकचा एप्रिल, दोन दिवसात पानांवर करपलेल्या पोळीसारखे डाग. मग बाथरूमच्या खिडकीत हलवलं, तिथे उजेड बेताचा आणि गिझरची वाफ, स्वारी एकदम खूश, मधून गुंडाळीसारखी नवी पानं उलगडायला लागली.

ऑगस्टमध्ये पानांच्या मागे तपकिरी रेघा दिसल्या. फोटो निफाडच्या मामांना पाठवला, त्यांची द्राक्षबाग आहे, आणि द्राक्षवाल्याला कुठलंही पान दाखवा, तो आधी उलटंच करून बघतो.

"डावणी आहे रे." डावणी म्हणजे द्राक्षाच्या पानांमागे येणारा बुरशीचा रोग.

"मामा, डावणी पांढरी असते ना?"

"ही जुनी झालेली. एक टक्का बोर्डो मार."

बोर्डो हे बुरशीवरचं औषध, एक टक्का म्हणजे 100 लिटर पाण्यात 1 किलो मोरचूद आणि 1 किलो चुना. माझी कुंडी आठ इंची. शेवटी जुना टूथब्रश घेतला आणि रविवारची अख्खी दुपार एकेक रेघ घासून काढली.

संध्याकाळी लेक आली, शिल्लक राहिलेलं एक पान बघितलं. "बाबा, हे स्पोअर्स आहेत. फर्नला फुलं, बिया नसतात, या स्पोअर्सपासूनच नवी रोपं होतात." खरंच की, मधल्या शिरेपासून कंगवा फिरवल्यासारख्या तिरप्या रेघा, कुठला रोग एवढी पट्टी लावून येतो? म्हणजे बिचाऱ्याची अख्खी पुढची पिढी मी बेसिनमध्ये सोडली होती.

मामांना हे पटलेलं नाही. डिसेंबरात रात्री अकराला फोन, "पारा उतरलाय, बागेत शेकोट्या पेटवल्यात. तुझं झाड कुठंय?"

"बाथरूममध्ये."

"मग तिथे जरा धूर कर."