मराठी ब्लॉगला जाहिराती मिळतात. 'नोंदणी फी' भरू नका

इंदूरच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे: 'गुगल मराठी ब्लॉगला जाहिराती देत नाही. आमच्या नेटवर्कची नोंदणी फी भरा, ग्रुपमधल्यांनी एकमेकांच्या जाहिरातींवर क्लिक करा, कमाई सुरू!' रामबाग, लोकमान्य नगरातून विचारणा झाली, म्हणून हा खुलासा.

यातलं काहीच खरं नाही. ब्लॉगवर जाहिराती लावून पैसे देणारी गुगलची सेवा म्हणजे अ‍ॅडसेन्स; तिच्या मान्य भाषांमध्ये मराठी आहे आणि अर्जाला एक पैसाही लागत नाही. ब्लॉग तपासून मंजुरी मिळते, एवढंच.

क्लिकचा सल्ला तर सर्वांत घातक. अशा क्लिक गुगल अवैध धरतं, त्यांची कमाई कापतं आणि खातं कायमचं बंदही करू शकतं. मनापासून लिहिणाऱ्यांचं असं नुकसान व्हायला नको.

पैसे येतात ते असे. खात्यातली कमाई 10 डॉलर झाली की पत्ता पडताळण्यासाठी साध्या टपालाने घरी सहा आकडी पिन येतो. म्हणून फ्लॅट नंबर, गल्ली, पिनकोड सगळं नीट भरा. 100 डॉलर जमले की मगच रक्कम बँकेत जाते. वाचक थोडे असतील तर याला बरेच महिने लागतात, हे आधीच धरून चाला.

सोबत दुसरं नेटवर्क लावायला मनाई नाही. फक्त ते पैसे कधी आणि कसे देतं ते वाचा, आणि आपोआप नव्या खिडक्या उघडणारं असेल तर घेऊच नका.

फी भरून झाली असेल तर आजच 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.