गर्भाच्या पेशींवरची साखर आणि आईच्या ताटातली साखर

नागपुरातल्या अनेक व्हॉट्सअॅप गटांमध्ये, विशेषतः घरात कोणी गर्भवती असेल तिथे, एक संदेश आवर्जून पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा: गर्भाच्या प्रत्येक पेशीवर साखरेचा थर असतो हे विज्ञानाने सिद्ध केले आहे; आई जे गोड खाते त्यातूनच तो बनतो; तो पहिल्या दिवसापासून प्रसूतीपर्यंत तसाच राहतो आणि बाळाला मधुमेह देतो; एचबीए१सी ही तपासणी तोच थर मोजते; म्हणून पहिले तीन महिने साखर, गूळ आणि फळे, अगदी संत्रीसुद्धा, बंद करावीत. यातले पहिले विधान खरे आहे आणि त्याच्याच आधाराने पुढची चुकीची विधाने पटतात, म्हणून ती एकेक तपासणे मला आवश्यक वाटते.

थर आईच्या खाण्यातून बनतो, हे विधान आधी घेऊ. पेशीच्या पृष्ठभागावर गॅलॅक्टोज, मॅनोज, फ्यूकोज, सियालिक आम्ल अशा शर्करांच्या साखळ्या प्रथिनांना आणि मेदांना जोडलेल्या असतात; हाच तो थर. या शर्करा पेशी बहुतांशी ग्लुकोजपासून स्वतःच घडवते आणि विकरांच्या (एन्झाइमांच्या) मदतीने ठरावीक क्रमाने जोडते. ही जोडणी करणाऱ्या विकरांची सुमारे 200 जनुके माणसात आहेत, आणि त्यांपैकी कोणती केव्हा चालू होतात यावर साखळीचा आकार मुख्यतः ठरतो. अपवाद आहे, तोही सांगायला हवा: एका दुर्मिळ आनुवंशिक आजारात मॅनोज तोंडावाटे दिल्याने साखळ्यांची जोडणी सुधारते. पण तिथे शरीराला मॅनोज पुरेसे बनवता येत नसते. निरोगी गर्भवतीने पेढा खाल्ला म्हणून थर जाड होत नाही.

थर शेवटपर्यंत तसाच राहतो, हे विधान तर वस्तुस्थितीच्या नेमके उलट आहे. 1978 मध्ये डावोर सोल्टर आणि बार्बरा नोल्स या संशोधकांनी उंदराच्या भ्रूणावरील एक खूण ओळखणारे प्रतिपिंड (अँटीबॉडी) प्रसिद्ध केले. ही खूण, एसएसईए-1, म्हणजे गॅलॅक्टोज, फ्यूकोज आणि एन-ॲसिटिलग्लुकोसामाइन या शर्करांची छोटीशी रचना. भ्रूण आठ पेशींचा होतो त्या सुमारास ती दिसू लागते, आणि पुढे काही पेशींवर टिकते तर काहींवरून नाहीशी होते. मानवी भ्रूणाच्या आतल्या पेशींवर मात्र सुरुवातीला ती नसते. तिथे एसएसईए-3 आणि एसएसईए-4 या वेगळ्या खुणा असतात. त्यामुळे उंदरावरचे निष्कर्ष जसेच्या तसे माणसाला लावता येत नाहीत. आठ पेशी एकमेकींना घट्ट बिलगतात त्यामागे एसएसईए-1 हीच रचना असावी, असे एके काळी वाटत होते. पण 2004 मध्ये ती बनवणारे विकर नसलेले उंदीर व्यवस्थित जन्मले आणि वाढले. पेशींना बिलगवण्याचे मुख्य काम ई-कॅडहेरिन हे प्रथिन करते.

हा बदल जन्मानंतरही थांबत नाही, आणि रक्तपेढीत तो डोळ्यांनी पाहता येतो. नाळेतल्या रक्ताचा गट तपासताना ए किंवा बी गटाच्या तांबड्या पेशींच्या गुठळ्या प्रौढांच्या रक्तापेक्षा अनेकदा कमजोर पडतात, कारण नवजात बाळाच्या पेशींवरील साखळ्या बहुतांशी सरळ असतात. वय वाढते तशा त्यांना फांद्या फुटतात, गटाच्या खुणांना अधिक जागा मिळते, आणि दोन ते चार वर्षांत त्या प्रौढांइतक्या होतात. मेंदूतही असेच घडते: गर्भावस्थेत चेतापेशींवर पॉलिसियालिक आम्लाच्या लांब साखळ्या भरपूर असतात, पेशींना सरकायला त्या मोकळीक देतात, आणि जन्मानंतर बहुतेक भागांतून त्या ओसरतात.

हा थरच मधुमेह देतो असे म्हणणाऱ्यांनी थर नीट बनलाच नाही तर काय होते ते पाहावे. 1994 मध्ये संशोधकांच्या दोन गटांनी उंदरातले एमजीएटी1 हे जनुक निकामी केले. त्यामुळे प्रथिनांवरील साखळ्यांचे गुंतागुंतीचे प्रकार बनेनात, आणि एकोणीस-वीस दिवसांच्या गर्भकाळात ते भ्रूण दहाव्या दिवसाच्या आसपास दगावले. ज्याच्यावाचून भ्रूण जगत नाही, त्याला आजाराचे बीज ठरवणे निराधार आहे.

एचबीए१सीचा या थराशी संबंध नाही. रक्तातले ग्लुकोज विकराविना, आपोआप हिमोग्लोबिनला चिकटते. त्याचे प्रमाण गेल्या दोन-तीन महिन्यांतील रक्तशर्करेची सरासरी सांगते, आणि तीही आईची.

संदेशामागची काळजी मात्र मी झटकून टाकणार नाही. आईची रक्तशर्करा सुरुवातीच्या आठवड्यांत फार वाढलेली असेल, तर बाळाच्या हृदयात आणि मज्जारज्जूत जन्मजात दोष येण्याचा धोका खरोखरच वाढतो. म्हणून मधुमेह असलेल्या स्त्रीने गर्भधारणेआधीच शर्करा आटोक्यात आणायला हवी. पण इन्सुलिन घेणाऱ्या गर्भवतीने असा संदेश वाचून फळे-भाकरी एकदम सोडली, तर तिची रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. इतरांसाठी राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत: पहिल्याच भेटीत 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त तपासायचे, ते 140 मिलिग्रॅमच्या आत आले तर 24 ते 28 आठवड्यांत पुन्हा तपासायचे. मेडिकल, मेयो किंवा डागा या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांपैकी जिथे नाव नोंदवले असेल तिथे ही तपासणी मागून घ्यावी आणि आहार तिच्या निकालावर ठरवावा.