मखराच्या जागेवरचा ढीग

मकरंदच्या घरी गणपती बसतो तो हॉलच्या पूर्वेकडच्या कोपऱ्यात. गेले अकरा महिने त्या कोपऱ्यात पुस्तकं बसली आहेत. आधी खुर्चीवर होती, मग खुर्चीखाली, आता खुर्ची दिसत नाही.

"वैशालीने तारीख दिलीये," कट्ट्यावर टेकता टेकता तो म्हणाला. "पुढच्या रविवारी मखराचं सामान माळ्यावरून खाली येणार. तोवर ढीग हलला नाही तर ती रद्दीवाल्याला फोन करणार."

आमचा कट्टा म्हणजे डोंबिवलीत फडके रोडवरून आत वळल्यावर लागणारी एका बंद दुकानाची पायरी. वर पत्रा आहे, त्यामुळे पावसातही भरतो. समोर चहाची टपरी. त्या संध्याकाळी शिऱ्या, ऋता, मी आणि आपटे काका असे चौघं आधीच होतो. काका शाळेत संस्कृत शिकवायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण आमच्यातलं कुणी 'विशेष'मधला पोटफोड्या ष शहामृगाचा श करून बोललं की अजून थांबवतात.

"किती आहेत एकूण?" शिऱ्याने विचारलं.

"न वाचलेली अठ्ठावन्न. त्यात फॅन्टसी एकतीस."

शिऱ्या औषधांचा स्टॉकिस्ट. त्याला जगात दोनच प्रकारचा माल माहीत आहे, हलणारा आणि न हलणारा. "दोन वर्षं जागचा हलला नाही तो डेड स्टॉक," तो म्हणाला. "आमच्याकडे कंपनीला परत जातो, नाहीतर नष्ट करायचा. भावना नाही ठेवायची."

"पुस्तकाला एक्स्पायरी नसते रे."

"असते," ऋता म्हणाली. तिच्या तोंडून हे येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. आमच्यात सगळ्यात जास्त फॅन्टसी वाचणारी तीच. "जादूच्या शाळेत जाणारा अनाथ मुलगा, अशी पाच-सहा पुस्तकं मी पंचविशीत घेऊन ठेवली होती. आता शाळा म्हटलं की मला फी आठवते. उघडवत नाहीत."

मकरंदचा ढीग कसा वाढला ते आम्हाला माहीत होतं, कारण निम्म्या वेळी आम्हीच बरोबर होतो. काही पुस्तकं किंग्ज सर्कलच्या फुटपाथवरची, बरीचशी किलोवर विकतात त्या प्रदर्शनांतली. किलोच्या भावात फॅन्टसी वाचणारा नेहमी मार खातो. कविता वाचणारा चार पुस्तकं घेऊन पाव किलोत सुटतो, आमचं एकच काट्यावर ठेवलं की काटा खाली बसतो. शिवाय तिथे हमखास मालिकेचा दुसरा भाग मिळतो. पहिला भाग कुठे जातो हे मला आजवर कळलेलं नाही. मग दुसरा स्वस्तात मिळाला म्हणून पहिला नवा कोरा, पूर्ण किमतीला मागवायचा. मकरंदने हे चार वेळा केलंय.

शिऱ्याने मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडला. "एकाची पानं किती धरू?"

"सातशे धर."

"एकतीस गुणिले सातशे, एकवीस हजार सातशे. रोज किती वाचतोस?"

"लोकलमध्ये बसायला मिळालं तर पंचवीस."

"आठशे अडुसष्ट दिवस. तेही कामाचे. महिन्याचे बावीस धरले तर तीन वर्षांच्या वर. आणि एवढ्यात नवीन एकही घ्यायचं नाही."

"चुकलास," ऋता म्हणाली. "त्या एकतिसात पहिले भाग किती आहेत, मकरंद?"

तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, "अकरा."

"त्या अकरांच्या नुसत्या तीन-तीन भागांच्या मालिका धरल्या तरी अजून बावीस पुस्तकं आली. ढीग एकतीसचा नाही, त्रेपन्नचा आहे. बावीस फक्त अजून दुकानात आहेत."

इथे मला बोलावंसं वाटलं, कारण माझं फॅन्टसीशी भांडण याच जागी आहे. रहस्यकथा उघडली की पाचव्या पानावर प्रेत असतं आणि तुम्ही कामाला लागता. इथे आधी नकाशा, मग घराणी, मग तीन चंद्र आणि त्यांचे महिने. पहिली शंभर पानं म्हणजे टोलनाका. प्रत्येक पहिल्या भागाला तो नव्याने भरायचा. अकरा पहिले भाग घरात असणं म्हणजे अकरा नाक्यांवर गाडी एकाच वेळी रांगेत लावून ठेवणं. मी म्हटलं, घरात मोठी मालिका एका वेळी एकच उघडी ठेवायची, ती संपली किंवा सोडली की दुसरी. बाकीच्यांना 'वाचायची आहेत' म्हणायचंच नाही, घरात आहेत एवढंच म्हणायचं.

"आणि ती एक संपलीच नाही तर?" मकरंद उसळला. ही त्याची दुखरी नस. जॉर्ज मार्टिनच्या मालिकेचं पहिलं पुस्तक १९९६चं. पाचवं २०११ साली आलं, ते त्याने आल्या आल्या वाचलं. तेव्हा त्याचं लग्न व्हायचं होतं. आता मुलगी आठवीत आहे आणि सहाव्या पुस्तकाचा पत्ता नाही. "तेव्हापासून मी शपथ घेतलीये. लेखकाने मालिका पूर्ण केल्याशिवाय पहिलं पान उघडायचं नाही."

"म्हणूनच अकरा साठलेत!" ऋता म्हणाली. "आणि सगळ्यांनीच असं ठरवलं तर पहिला भाग खपणार नाही, तो खपला नाही की प्रकाशक दुसरा काढणार नाही. मग तुझी पूर्ण मालिका येणार कुठून?"

"आणि लेखक मध्येच गेला तर?"

"रॉबर्ट जॉर्डन गेलाच की. १९९०ला सुरू केलेली मालिका, २००७ साली तो वारला. त्याने टिपणं मागे ठेवली होती, त्यावरून ब्रँडन सँडरसनने उरलेले तीन भाग लिहून २०१३ला संपवली. चौदा पुस्तकं. तू कुठे थांबलायस?"

"चौथ्यावर."

"मग? ती तर पूर्ण आहे."

मकरंदने यावर चहा घेतला. खरं सांगायचं तर शपथ वगैरे काही नसते. चौथ्या पुस्तकात कंटाळा आला हे कबूल करायला पाचवं न आलेलं बरं असतं.

मग विषय अपरिहार्यपणे 'सध्या काय चाललंय' यावर आला. ऋता त्याच सँडरसनच्या स्टॉर्मलाइट मालिकेच्या तिसऱ्या पुस्तकात आहे. दहा पुस्तकांची योजना, पाच झालीत, पाचवं डिसेंबर २०२४मध्ये आलं आणि तिथे पहिला टप्पा पुरा होतो. प्रत्येक हजाराच्या वर पानांचं, म्हणून ती किंडलवर वाचते; लोकलच्या कडीला एक हात अडकवून तेवढं वजन दुसऱ्या हातात धरता येत नाही. त्या जगात सारखी प्रचंड वादळं येतात, एकाच दिशेने. त्यामुळे तिथलं गवत वादळाची चाहूल लागली की जमिनीत आत जातं.

"लाजाळूसारखं?" काकांनी विचारलं.

"लाजाळू मिटतं, काका. हे अख्खं आत जातं. झाडंसुद्धा पानं आत ओढून घेतात. आणि वादळातला उजेड रत्नांमध्ये साठतो. काचेच्या मण्यात बसवलेली ती रत्नं म्हणजेच तिथले पैसे."

"म्हणजे पैसे उजेड देतात?"

"हळूहळू विझतात. किंमत तीच राहते, पण लोकांना चमकणारा मणी हवा असतो. कारण तो खोटा नाही हे दिसतं."

"हे बरंय," शिऱ्या म्हणाला. तासाभरात त्याने मान्य केलेली ही पहिली गोष्ट.

माझं सध्या उलट चाललंय. उर्सुला ल ग्विनचं अर्थसीचं पहिलं पुस्तक, १९६८चं, जेमतेम दोनशे पानं. पर्समध्ये मावतं. लहानपणी वाचायचं राहून गेलं होतं. त्यात जादू म्हणजे दुसरं काही नाही, वस्तूचं खरं नाव माहीत असणं. माणसालाही एक खरं नाव असतं आणि ते तो अगदी विश्वासातल्या माणसालाच सांगतो. बाकी जगासाठी वापरायचं नाव वेगळं. नायकाचं रोजचं नाव एका पक्ष्याचं आहे.

"यात नवल काय?" काका म्हणाले. "आमची आई रात्री 'साप' म्हणू द्यायची नाही. लांबडं म्हणायचं. नाव घेतलं की येतो."

"आणि उखाणा," ऋता म्हणाली. "नवऱ्याचं नाव असं नुसतं उच्चारायचं नाही, यमकात गुंडाळून घ्यायचं."

हे मला त्या दोनशे पानांत सुचलं नव्हतं. लग्नात दारात अडवून 'नाव घे' म्हणतात, तेव्हा आपण काय मागतोय हे कुणाच्या डोक्यात नसतं.

शिऱ्याला मात्र मुद्द्यावर यायचं होतं. "एकतिसाचे किती करायचे ते बोला. बाई हजार पानांची पुस्तकं लिहिते—"

"बुवा. सँडरसन बुवा आहे."

"बुवा लिहितो. कुणी कापत का नाही त्याला? सातशेची दोनशे करा, ढीग आपोआप उतरतो."

"कापलेली आहे एक," काका म्हणाले. "सात लाखांची एक लाख केली. आपल्या पैठणची गोष्ट."

पैठण म्हटल्यावर मी नाथ महाराज समजले. काका त्याच्याही खूप मागे गेले, सातवाहन राजाकडे. कथासरित्सागराच्या सुरुवातीलाच ही गोष्ट येते. राजा राण्यांबरोबर पाण्यात खेळत होता. पाण्याच्या माऱ्याने दमलेली राणी म्हणाली, 'मोदकैः'. म्हणजे मा उदकैः, पाण्याने नको मारू. राजाने घाईघाईने मोदक मागवले.

टपरीवाल्यासकट सगळे हसले. गणपती तोंडावर आल्यामुळे तर जास्तच.

"राणीही हसली," काका म्हणाले. "साधा संधी कळत नाही म्हणून. राजाने अंथरूण धरलं. मग गुणाढ्य नावाचा त्याचा मंत्री म्हणाला, व्याकरणाला बारा वर्षं लागतात, मी सहा वर्षांत शिकवतो. शर्ववर्मा म्हणाला, सहा महिन्यांत. गुणाढ्य चिडला. तू सहा महिन्यांत शिकवलंस तर मी संस्कृत, प्राकृत आणि देशी, तिन्ही भाषा सोडीन. आणि हरला."

"क्रॅश कोर्स जिंकला," शिऱ्या खूश होऊन म्हणाला.

मग गुणाढ्य विंध्याच्या अरण्यात गेला. पिशाचांची भाषा तेवढी उरली होती, ती शिकला, आणि एका पिशाचाने सांगितलेली बृहत्कथा सात वर्षांत सात लाख श्लोकांत लिहिली. जंगलात शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्ताने. शिष्यांनी ती राजाकडे नेली. राजा म्हणाला, भाषा पिशाचांची, अक्षरं रक्ताची, नको मला. गुणाढ्याने एका टेकडीवर अग्निकुंड पेटवलं आणि एकेक पान वाचून त्यात टाकायला लागला. हरणं, रानडुकरं भोवती येऊन उभी राहिली. ऐकताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी. चरायचं सोडलं त्यांनी. तिकडे राजवाड्यात राजा आजारी पडला. वैद्य म्हणाले, ताटातलं मांस सुकलेलं आहे. आचाऱ्यांनी शिकाऱ्यांना धरलं, शिकारी म्हणाले, जनावरं खातच नाहीत, एक माणूस त्यांना गोष्ट वाचून दाखवतोय. राजा धावत गेला तोवर सहा लाख श्लोक जळाले होते.

"वैशालीची हीच तक्रार आहे," मकरंद म्हणाला. "मी वाचत बसलो की गॅसवरचं करपतं."

"बघा! सहा लाख गेले तरी काही अडलं नाही," शिऱ्या म्हणाला. "उरलेल्यावर काम भागलं ना?"

"भागलं. त्या उरलेल्याचं सार म्हणून काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात कथासरित्सागर केला, राणी सूर्यमतीसाठी. तरी ते सार अठरा लंबकांचं म्हणजे भागांचं आहे, एकवीस हजारांवर श्लोक. तुमचा वेताळ त्यातलाच. पण एक लक्षात घे, शिरीष. गुणाढ्याने न वाचता एक पानही जाळलं नाही."

शिऱ्या गप्प. मकरंदचा चेहरा मात्र पडला, कारण याचा अर्थ आठशे अडुसष्ट दिवस परत आले.

मला दुसरीच गोष्ट लागली होती. "तो एक लाख कुणी निवडला, काका? राजाने?"

"नाही. त्याच्या शिष्यांना नरवाहनदत्ताची कथा फार आवडायची. म्हणून तेवढी त्याने त्यांच्यासाठी आधीच बाजूला ठेवली होती."

यातून रविवारचा मार्ग निघाला. मकरंदने मोबाइलवर ढिगाचा फोटो उघडला. ज्याचा ढीग त्याने निवडायचंच नाही. जे गेलं तर ऋताला किंवा मला वाईट वाटेल तेवढंच राहणार. बाकीची सोसायटीच्या वाचनालयात. पुढचा अर्धा तास आम्ही त्या फोटोवर मान घालून भांडलो. किलोवर आलेले पोरके दुसरे भाग एकमताने गेले. टोल्किनचं मराठी भाषांतर, 'स्वामी मुद्रिकांचा', त्याचे तिन्ही खंड राहिले. ते मकरंदच्या मुलीसाठी म्हणून ऋताने जवळजवळ वचन घेतलं. जॉर्डनची पाच ते आठ यांवरून आमच्यात वाजलं. मी जाऊ द्या म्हटलं, ती नाही म्हणाली, शेवटी माळ्यावर, झाकणाच्या प्लास्टिक खोक्यात, डांबराच्या गोळ्या घालून. कोपऱ्यात ओल धरते आणि दोन पुस्तकांना कसर लागलेली त्या फोटोतही दिसत होती. एकतिसातली तेरा राहिली. पहिले भाग अकराचे तीन.

"आणि त्या तिघांतलं एकच उघडायचं," मी म्हटलं.

"कुठलं?"

"ते तू ठरव. तेवढं तरी."

पाऊस जरा उघडला होता. काका छत्री झटकत उठले, चप्पल घातली, दोन पावलं गेले आणि वळले.

"ऋता, ते गवत आत जातं म्हणालीस. मग गुरं काय खातात?"

"गुरं नाहीतच फारशी, काका. मोठे खेकड्यासारखे प्राणी आहेत, पाठीवर कवच. तेच गाड्या ओढतात."

"खेकडे? गाडीला जुंपलेले?"

"हो."

काका परत बसले. शिऱ्याने टपरीकडे बघून पाच बोटं वर केली.