यंत्रासमोरचे दोनशे चेंडू

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर संध्याकाळी जमणाऱ्या आमच्या मंडळींमध्ये गेल्या आठवड्यात जो वाद झाला, तो अण्णांच्या नातवाच्या कव्हर ड्राइव्हवरून सुरू झाला आणि माणूस शरीराचे कोणतेही कौशल्य नेमके कसे शिकतो, या प्रश्नापर्यंत जाऊन पोहोचला. नातू 13 वर्षांचा आहे. तो ज्या अकादमीत जातो तेथे गोलंदाजीचे यंत्र आहे, आणि ऑफस्टंपबाहेर एकाच टप्प्यावर पडणारे दोनशेच्या आसपास चेंडू तो एका सत्रात खेळतो. शेवटचे पन्नास चेंडू पाहणाऱ्याला वाटावे की हा मुलगा आता कोणालाही बाद होणार नाही. सामन्यात मात्र तो पहिल्या दोन षटकांतच यष्टिरक्षकाच्या किंवा स्लिपच्या हाती झेल देऊन परततो. अण्णांचे निदान सरळ होते: सराव कमी पडतो आहे, दोनशेचे तीनशे चेंडू करायला हवेत.

शाळेत पस्तीस वर्षे शारीरिक शिक्षण शिकवलेले मास्तर म्हणाले, "अण्णा, चेंडू वाढवून काही होणार नाही. एकसारखे दोनशे चेंडू खेळणे म्हणजे एकच गणित उत्तरासकट दोनशे वेळा उतरवून काढणे आहे. पहिल्या दहा चेंडूंनंतर त्याला विचार करण्याची गरजच उरत नाही."

अण्णांना हे पटण्यासारखे नव्हते, आणि त्यांच्याजवळ दाखलेही होते. ऑस्ट्रेलियातल्या बाउरलच्या घरामागे पाण्याच्या टाकीच्या विटांच्या बैठकीवर गोल्फचा चेंडू मारून तो स्टंपने परतवणारा लहानगा डॉन ब्रॅडमन त्यांनी पुढे केला, आणि त्याच्यामागून आचरेकर सरांच्या नेटमधला सचिन. "घोटल्याशिवाय काही येत नाही, मास्तर. या मैदानावर जन्म काढलेल्या माणसांनी तरी हे नाकारू नये."

मला वाटते की अण्णांचे हे दोन्ही दाखले त्यांच्याच विरोधात जातात, आणि मी ते तेथेच बोलून दाखवले. टाकीची विटांची बैठक गोलाकार होती आणि गोल्फचा चेंडू तिच्यावरून वेगाने, दर वेळी निराळ्या कोनात परतत असे. स्टंपची जाडी ती काय, आणि तेवढ्यावर तो चेंडू अडवायचा. त्या खेळात एकसारखे दोन चेंडू मिळणे जवळजवळ अशक्य होते. आचरेकर सरांनी सचिनला नेटमध्ये भरपूर खेळवले हे खरे, पण त्याबरोबरच त्यांनी त्याला स्कूटरवर बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर सामने खेळायला नेले, म्हणजे खेळपट्टी वेगळी, गोलंदाज वेगळा, क्षेत्ररचना वेगळी. नेटमध्येही ते स्टंपवर एक रुपयाचे नाणे ठेवत. सचिनला बाद करणाऱ्या गोलंदाजाला ते मिळे आणि तो नाबाद राहिला तर ते त्याचे. गोलंदाज जीव तोडून टाकत असल्यामुळे त्या नेटमधला प्रत्येक चेंडू सामन्यातल्या चेंडूसारखाच येत असे.

अण्णा थोडे थांबले आणि मग त्यांनी त्यांचा सर्वांत चांगला मुद्दा काढला. 1998 मध्ये ऑस्ट्रेलियाचा लेगस्पिनर शेन वॉर्न भारतात येण्यापूर्वी सचिनने चेन्नईला लेगस्टंपबाहेरची खेळपट्टी मुद्दाम खरवडून घेतली आणि लक्ष्मण शिवरामकृष्णन यांना राउंड द विकेट येऊन त्याच जागी चेंडू टाकायला लावले. "ही एकाच प्रकारच्या चेंडूंची घोटाई नव्हती काय?" हा प्रश्न रास्त होता. मास्तरांचे उत्तर मला मोलाचे वाटले. ते म्हणाले की तेथे समोर यंत्र नव्हते, खराखुरा लेगस्पिनर होता, आणि खरवडलेल्या जागेवरून कोणता चेंडू किती वळेल हे त्या लेगस्पिनरलाही सांगता आले नसते. सचिनने अडचण एक निवडली होती, पण तिच्यातली अनिश्चितता तशीच राहू दिली होती. चेन्नई कसोटीच्या पहिल्या डावात तो 4 धावांवर बाद झाला आणि दुसऱ्या डावात त्याने नाबाद 155 धावा केल्या, हे कट्ट्यावर कोणाला सांगावे लागत नाही.

यानंतर फिजिओथेरपी करणाऱ्या आमच्या डॉक्टरबाई बोलू लागल्या आणि चर्चेला जो आधार हवा होता तो मिळाला. ताशी 140 किलोमीटर वेगाचा चेंडू हातातून सुटल्यापासून फलंदाजापर्यंत अर्ध्या सेकंदाच्या आत पोहोचतो, आणि डोळ्याने पाहून शरीराने हालचाल सुरू करायलाच सुमारे एक पंचमांश सेकंद जातो; त्यामुळे फलंदाज चेंडू शेवटपर्यंत पाहून खेळतो ही समजूतच टिकत नाही. लँड आणि मॅक्लिऑड या संशोधकांनी फलंदाजांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपून 2000 मध्ये दाखवले की फलंदाज चेंडू सुटताना पाहतो, मग नजर एकदम पुढे टाकून चेंडू जेथे टप्पा घेणार तेथे ती आधीच नेऊन ठेवतो. आणि त्यांनी तपासलेल्या फलंदाजांमध्ये जो अधिक कसलेला होता त्याची नजर तेथे लवकर पोहोचत होती. तो प्रयोग यंत्राच्या चेंडूंवरच झाला होता, म्हणून यंत्रासमोर काहीच शिकता येत नाही असे डॉक्टरबाई म्हणत नव्हत्या. त्यांचा आक्षेप दोन गोष्टींवर होता. टप्पा दोनशे वेळा तोच असेल तर डोळ्यांना तो हेरण्याचे कामच उरत नाही. शिवाय चांगले फलंदाज चेंडू सुटण्याच्या आधीच गोलंदाजाच्या हातावरून आणि मनगटावरून अंदाज बांधू लागतात, हे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी चित्रफीत मध्येच तोडून घेतलेल्या चाचण्यांत आढळले आहे. यंत्राला मनगट नसते. उदयोन्मुख खेळाडू यंत्रासमोर खेळतात तेव्हा त्यांच्या पायाच्या आणि बॅटच्या हालचालींची वेळ माणसासमोर खेळतानाच्या वेळेपेक्षा बदललेली असते, हेही नोंदले गेले आहे. म्हणजे तो मुलगा जो फटका घोटतो आहे तो सामन्यातला फटकाच नव्हे.

"पण तो सुधारतो आहे, हे मी डोळ्यांनी पाहतो," अण्णा म्हणाले.

खरा वाद येथे होता, आणि इतर सर्व मुद्द्यांपेक्षा मला हाच महत्त्वाचा वाटतो. सत्र चालू असताना दिसणारी सुधारणा आणि शरीरात टिकून राहिलेले शिकणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि कित्येकदा त्या एकमेकींच्या उलट जातात. 1979 मध्ये शे आणि मॉर्गन यांनी हाताच्या तीन वेगवेगळ्या हालचाली शिकवताना एका गटाकडून एकेक हालचाल पुरती घोटून घेतली आणि दुसऱ्या गटाला तिन्ही हालचाली मिसळून दिल्या. सराव चालू असताना घोटणारा गट स्पष्टपणे पुढे होता. काही काळाने पुन्हा चाचणी घेतली तेव्हा मिसळून शिकलेला गट पुढे गेला. 1986 मध्ये गूड आणि मॅगिल यांनी बॅडमिंटनच्या तीन प्रकारच्या सर्व्हिसवर हेच तपासले: मिसळून सराव केलेल्या विद्यार्थिनींना शिकलेले नंतर अधिक चांगले आठवले, आणि ज्या बाजूने त्यांनी सराव केलाच नव्हता त्या बाजूनेही त्यांची सर्व्हिस अधिक चांगली पडली. अमेरिकेतील महाविद्यालयीन बेसबॉल खेळाडूंनी तीन प्रकारचे चेंडू प्रत्येकी पंधरा अशा हिशोबाने खेळले. ज्यांना क्रम कळत नव्हता ते, एकेक प्रकार सलग खेळणाऱ्यांपेक्षा, सहा आठवड्यांनी पुढे निघाले. कारण असे समजले जाते की हालचाल बदलली की आधीची योजना मनातून पुसली जाते आणि पुढच्या वेळी ती नव्याने बांधावी लागते; हे पुन्हापुन्हा बांधणे म्हणजेच शिकणे. सामन्यातही प्रत्येक चेंडूला हेच करावे लागते.

मास्तरांनी येथे मॉस्कोच्या निकोलाय बर्नस्टाइन या हालचालींच्या अभ्यासकांची आठवण काढली, आणि ती अगदी योग्य वेळी निघाली. छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कुशल कामगारांच्या हालचाली त्यांनी 1920 च्या दशकात टिपल्या, तेव्हा हातोड्याचे टोक बिनचूक एकाच ठिकाणी बसत होते, पण खांदा, कोपर आणि मनगट यांचा मार्ग मात्र दर घावाला थोडा निराळा होता. म्हणजे कसबी माणूस एकच हालचाल पाठ करत नाही. तोच परिणाम अनेक वाटांनी साधायला तो शिकतो. मुंबईत 1948 पासून भर पावसाळ्यात खेळली जाणारी कांगा लीग फलंदाज घडवते असे जुने लोक म्हणत आले, त्यामागेही मला हेच दिसते: ओल्या खेळपट्टीवर चेंडू कधी थांबून येतो, कधी उसळतो, आणि हातात असलेला फटका दर वेळी नव्याने जुळवून घ्यावा लागतो.

हे सर्व ऐकून घेतल्यावर मल्लखांब शिकवणाऱ्या आमच्या ताईंनी हात वर केला. "तुम्ही सगळे फलंदाजीविषयी बोलता आहात, जेथे चुकले तर बाद होतो. माझ्याकडे चुकले तर मूल खांबावरून मानेवर पडते." त्यांचे म्हणणे असे की अढी, म्हणजे खांबाला घातलेली पायांची पकड, पक्की झाल्याशिवाय त्या कोणत्याही मुलाला पुढच्या उड्यांकडे जाऊ देत नाहीत, आणि पहिल्या आठवड्यांत एकच पकड पुन्हापुन्हा घेण्याला पर्याय नसतो. मला हा आक्षेप पूर्णपणे मान्य आहे, आणि संशोधनही त्याच्या विरोधात नाही. फिट्स आणि पोस्नर यांनी 1967 मध्ये शिकण्याच्या तीन अवस्था मांडल्या: आधी काय करायचे हे बुद्धीने समजून घेणे, मग चुका कमी करत हालचाल जुळवत नेणे, आणि शेवटी लक्ष न देताही ती होणे. अगदी नवख्याला पहिल्या अवस्थेत सर्व काही मिसळून दिले तर तो बुडतो. पण ताईंनीच पुढे सांगितले की पकड बसल्यावर त्या मुलांना उजव्या आणि डाव्या दोन्ही बाजूंनी, थकलेल्या आणि ताज्या अंगाने, दोरीवर आणि खांबावर तीच पकड घ्यायला लावतात. अण्णांचा नातू पाच वर्षे बॅट धरतो आहे. त्याची पहिली अवस्था केव्हाच ओलांडून झाली आहे.

शिकवणाऱ्याच्या बोलण्याचा मुद्दा डॉक्टरबाईंनी काढला. अकादमीत प्रत्येक चेंडूनंतर "कोपर वर, डोके पुढे" असा आवाज येतो. गॅब्रिएल वुल्फ यांच्या 1990 च्या दशकाच्या अखेरीपासूनच्या अभ्यासांत वारंवार दिसले आहे की आपल्या अवयवांकडे लक्ष देण्यापेक्षा हालचालीच्या परिणामाकडे, म्हणजे चेंडू कोठे जायला हवा याकडे लक्ष दिले की हालचाल अधिक सहज होते आणि अधिक टिकते. विन्स्टीन आणि श्मिट यांनी 1990 मध्ये दाखवले की प्रत्येक प्रयत्नानंतर निकाल सांगण्यापेक्षा निम्म्याच वेळा सांगितला तर नंतरच्या चाचणीत शिकणारा सरस ठरतो, कारण मधल्या वेळी त्याला आपली चूक आपणच ओळखावी लागते. नेटमागे उभे राहून प्रत्येक चेंडूला सूचना देणाऱ्या पालकांनी हे मनावर घ्यावे अशी माझी कळकळीची विनंती आहे. सामन्यात खेळपट्टीवर त्या मुलाला सांगायला कोणी नसते.

मग गोष्ट वयावर आली. मुलांची उंची साधारणपणे तेराव्या-चौदाव्या वर्षी सर्वांत वेगाने वाढते, वर्षभरात नऊ-दहा सेंटिमीटरपर्यंतही, आणि हातपाय लांब झाल्यावर काही महिने जुनी हालचाल नव्या शरीरात नीट बसत नाही. हा काळ कौशल्य हरवल्याचा नसतो, पण पालकांना तसे वाटते आणि ते सराव वाढवतात. त्यातच वयोगटाच्या निवडीत शरीराने आधी मोठे झालेले मूल अधिक गुणी वाटते. कॅनडातील आइस हॉकीत वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत जन्मलेले खेळाडू फार मोठ्या प्रमाणात निवडले जातात असे बार्न्सले यांनी 1985 मध्ये दाखवले, तेही याच कारणाने.

दहा हजार तास सराव केला की माणूस निष्णात होतो, हा विषय निघाल्यावाचून अशी चर्चा संपत नाही, आणि तो अण्णांनीच काढला. मानसशास्त्रज्ञ एरिक्सन यांचा 1993 चा अभ्यास बर्लिनच्या व्हायोलिनवादकांचा होता, आणि दहा हजार तासांचा आकडा पुढे पाळायच्या नियमासारखा पसरला. 2014 मध्ये मॅकनमारा आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा खेळांमध्ये व्यक्तीव्यक्तींमधल्या कामगिरीच्या फरकापैकी सुमारे 18 टक्के फरक हेतुपूर्वक केलेल्या सरावाने समजावता आला. याचा अर्थ उरलेले सगळे जन्मजात असते असा कोणी घेऊ नये. शिकवणी, प्रकृती, सुरुवातीचे वय, दुखापती, घरची परिस्थिती आणि अशा अनेक गोष्टी त्यात येतात. मात्र तास मोजून प्रगती मोजता येत नाही, एवढे त्यावरून नक्की होते.

झोपेविषयी डॉक्टरबाई सर्वांत कठोर होत्या. बोटांनी ठरावीक क्रमाने कळा दाबण्याचे काम शिकलेली माणसे रात्रभर झोपून उठल्यावर, मधे काहीच सराव न करता, सुमारे 20 टक्के वेगवान झाली, असे वॉकर आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये नोंदवले. पहाटे पाचला उठून लोकलने मैदानावर जाणारा आणि रात्री अकरापर्यंत शिकवणीचा अभ्यास करणारा मुलगा दिवसा केलेल्या कष्टाचा काही वाटा रात्री गमावतो. तेच सराव पसरून करण्याचे. ब्रिटनमधील टपाल कर्मचाऱ्यांना टंकयंत्राचा कीबोर्ड शिकवताना बॅडली आणि लाँगमन यांना 1978 मध्ये आढळले की दिवसाला एकच तास शिकणाऱ्यांना एकूण सर्वांत कमी तास लागले, आणि तरीही आपल्या शिकण्याविषयी सर्वांत असमाधानी तेच होते. हे ऐकून अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. नातवाला मिसळून सराव दिला तर तो घरी येऊन "आज काही जमले नाही" असे म्हणेल, याचीच त्यांना धास्ती होती.

शेवटी मास्तरांनी एक उपाय सुचवला आणि अण्णांनी तो तीन महिन्यांसाठी मान्य केला. यंत्र आठवड्यातून एकदाच, आणि तेही टप्पा व वेग न सांगता बदलत ठेवून. उरलेल्या दिवशी माणसांची गोलंदाजी, प्रत्येकी सहा चेंडू टाकून गोलंदाज बदलायचा आणि मधे फलंदाजाने बाहेर यायचे. वहीत नोंद ठेवायची ती प्रत्येक सत्राच्या पहिल्या सहा चेंडूंचीच, कारण रात्र उलटल्यावर काय टिकले हे त्यांच्यावरूनच कळते आणि सामन्यात डावाची सुरुवातही तशाच थंड हातांनी होते. अण्णांचा एक प्रश्न मात्र कोणालाच पुरता सोडवता आला नाही: अकादमीत एका नेटवर चाळीस मुले आहेत, आणि फीच्या बदल्यात प्रत्येक पालकाला आपल्या मुलाने किती चेंडू खेळले हा आकडा हवा असतो. मास्तर म्हणाले की उरलेल्या मुलांना गोलंदाज करावे आणि दर सहा चेंडूंनी फलंदाज बदलावा, म्हणजे तीच गर्दी कामी येईल; आकड्याच्या मागणीचे काय करायचे, हे पालकांच्या बैठकीत विचारायचे अण्णांनी कबूल केले आहे.