'पाऊण तास नुसते हात धरायला लावले' या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार ताई,

एक तारा देऊन तुम्ही लिहिलंय की मंगळागौरीच्या खेळांच्या आमच्या वर्गासाठी ४०० रुपये भरले, दोन तासांतला पाऊण तास नुसते हात धरायला लावले, फुगडीच्या चार गिरक्याही धड झाल्या नाहीत आणि मॅडम सगळ्यांदेखत ओरडल्या. तुमचा हिरमोड झाला, त्याबद्दल दिलगीर आहे. पण श्रावणाच्या तोंडावर बायका हेच वाचून फोन करायचा की नाही ते ठरवतात, आणि आमची वर्षाची कमाई याच दिवसांत होते. म्हणून त्या पाऊण तासाबद्दल बोलणं भाग आहे.

फुगडीत फिरतात पाय, पण सगळा भार असतो हातांवर. उजव्या हातात उजवा, डाव्यात डावा, अशी फुली घालून घट्ट पकड. चवड्याला चवडा भिडवायचा, कोपर सरळ सोडायचे आणि कमरेत न वाकता मागं रेलायचं. नवीन बायका इथंच अडतात. कुणी हात आखडते, कुणी खुर्चीत बसल्यासारखी मागं बसते आणि बऱ्याच जणींचा जोडीदारणीवर भरवसाच नसतो. एकीनं वजन चोरलं की दुसरी तिला ओढत फिरवते. वेग दुप्पट झाला की हातांवरची ओढ चौपट होते. तेव्हा घामेजलेला हात सुटला तर दोघी फरशीवर आदळतात. (सतरंजी का नाही, असंही तुम्ही विचारलंय. ती पायाखाली गोळा होते.) म्हणून आधी जागच्या जागी रेलणं, मग अर्धी गिरकी, मग पूर्ण. नजर जोडीदारणीच्या चेहऱ्यावर ठेवली की चक्कर कमी येते. बस फुगडी, दंड फुगडी, झिम्मा, पिंगा हे सगळं त्याच्यानंतर.

'आमच्या आज्या कुठल्या क्लासला गेल्या होत्या?' हे तुमचं वाक्य वाचून हसूही आलं. नाही गेल्या. नागपंचमीला, गौरीला बहिणी-बहिणी परकरात असल्यापासून अंगणात फिरत होत्या. आम्हाला ते दोन तासांत बसवायचं असतं.

आता तो पाऊण तास. वर्ग चारला सुरू झाला, तुम्ही साडेचारला आलात. महाद्वार रोडला पार्किंग मिळत नाही, हे कोल्हापुरात कुणाला सांगायला नको. पण तुम्ही आलात तेव्हा बाकीच्यांची पकड बसली होती. तुमच्यासाठी मी पहिल्यापासून परत घेतलं आणि त्या थांबल्या. त्यांच्यापैकी कुणी तक्रार केली नाही. माझा आवाज चढला, तो तुमच्या टोकदार खड्याच्या अंगठीवरून. काढा म्हणून सांगितलं होतं, तरी राहिली आणि समोरच्या ताईंच्या मनगटावर ओरखडा उठला. त्यात तुम्हाला एका हातानं मोबाइलवर व्हिडिओ घ्यायचा होता. फुगडीला दोन्ही हात लागतात हो!

'शिकवायलाच येत नाही' हे मात्र लागलं.

अंगठ्या, काचेच्या बांगड्या, वेळ, सगळ्याची सूचना यापुढे व्हॉट्सॲपवर आधी टाकू. उशिरा येणाऱ्यांसाठीही काहीतरी बघतो. तुम्ही श्रावणाआधी एखाद्या रविवारी या, वेगळी फी घेणार नाही. फक्त चारला या.